जांभळवाडीची कमान आणि चंदूची नोकरी

चंदू मोरे एम.एस.डब्ल्यू. झाला तेव्हा त्याच्या वडिलांनी महाडात आळीभर पेढे वाटले. पेढा तोंडात असेपर्यंत कोणी काही बोललं नाही. तो घशाखाली उतरला, तसा प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "झाला म्हणजे नक्की काय झाला?"

प्रश्न वाजवी होता. डॉक्टर झालेला मुलगा सुई टोचतो, वकील झालेला काळा कोट घालून कोर्टाच्या पायरीवर उभा राहतो, मास्तर झालेला निदान दुसऱ्यांची पोरं बडवतो. एम.एस.डब्ल्यू. झालेला काय करतो हे दाखवायला चंदूकडे काहीच नव्हतं. वडील श्रीपतराव पंचायत समितीत कारकून. 'समाजकार्याची पदव्युत्तर पदवी' हे शब्द त्यांनी दाढी करताना आरशासमोर घोकून पाठ केले होते. पण शेजारचे काशीराम, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, अशा शब्दांना दबणारे नव्हते.

"समाजकार्य?" ते म्हणाले. "अहो, ते आम्ही फुकट करतो. परवा भिकाजीच्या म्हातारीच्या मयताचं सामान कोणी आणलं? मी. आळीतल्या लग्नांत बुंदी कोण वाढतो? मी. मला काय त्यासाठी मुंबईला जाऊन दोन वर्षं शिकावं लागलं?"

"ते शास्त्रोक्त असतं," श्रीपतराव म्हणाले.

"बुंदी वाढण्यात कसलं शास्त्र?"

पुढचे कित्येक दिवस श्रीपतराव मागच्या दाराने ऑफिसला जात राहिले.

खरं म्हणजे चंदूच्या बरोबरीची बाकीची मंडळी मार्गाला लागली होती. एकजण ठाण्याच्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी झाला आणि कामगारांच्या आधी स्वतःचं कल्याण करून त्याने स्कूटर घेतली. दुसरा इस्पितळात लागला. तिसरा सुधारगृहात गेला, म्हणजे नोकरीला गेला. चंदूनेच मेली हौस म्हणून ग्रामीण विकास हा विषय घेतला होता आणि ग्रामीण विकासाला सगळ्यांच्या शुभेच्छा असल्या तरी पगारी जागा कुठेच नव्हती. आई जानकीबाईने शेवटी आपल्या भावाला गाठलं. सोमामामाने मुंबईच्या गोदीत टाइमकीपरची जागा धरून ठेवली आणि सांगितलं, "दसऱ्यापर्यंत थांबवतो. पुढं माझा भरवसा नाय. आणि भाच्या, तिथं ते समाजबिमाज काय काढू नको."

चंदूला टाइमकीपर व्हायचं नव्हतं. गोदीत लोक किती वाजता आले हे लिहिण्यापेक्षा लोक एकत्र कसे येतात हे पाहायचं होतं. हे वाक्य त्याने घरी म्हणून दाखवलं तेव्हा जानकीबाईने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

अशात एका विश्वस्त निधीची जाहिरात आली. पोलादपूर तालुक्यात एक समाजसंघटक नेमायचा होता. सबनीस साहेब म्हणून निवृत्त इंजिनियर त्या निधीचे विश्वस्त होते. त्यांनी चंदूला घेतलं, पण परीक्षेवर. कुडपणच्या अंगाला डोंगरात जांभळवाडी नावाची वाडी आहे, तिथे जाऊन राहायचं. गावाने आपल्या मनाने काहीतरी ठरवावं आणि आपल्या हाताने ते करावं, एवढंच करून दाखवायचं. गणपतीच्या सुमारास साहेब स्वतः येऊन बघतील. बघून पटलं तर जागा कायम, नाहीतर रामराम.

"काम सोपं आहे," चंदू घरी म्हणाला.

जांभळवाडीत शाळेची एकच खोली होती, तिच्या पडवीत चंदूने बिऱ्हाड मांडलं. गावकीचा म्होरक्या कुशाबा पहिल्याच संध्याकाळी पाच-सहा माणसं घेऊन चौकशीला आला.

"नाव काय म्हनलात?"

"चंद्रकांत मोरे."

"मोरे?" कुशाबा खुलला. वाडीत निम्मे मोरेच होते. "मंग आमच्यातलेच की! कुठलं मोरे?"

"महाडचे. आम्ही बौद्ध," चंदूने सरळ सांगितलं.

एकाने विडी काढली, ती उलटी पेटवली. मग कुशाबा म्हणाला, "बरं. मोरे त मोरे." त्या दिवशीचा चहा चंदूला फुटक्या कानाच्या कपातून आला आणि तो कप त्याच्याकडेच ठेवायला सांगितला गेला. चंदूला राग आला. चहा परत पाठवावा असंही मनात आलं. पण दसरा डोळ्यांपुढे होता आणि चहा चांगला झाला होता, म्हणून तो राग गिळून प्यायला. पुढे आषाढात कुशाबाच्या बायकोने, गोदूबाईने, त्याला थंडीने कुडकुडताना बघितलं, "चुलीशी ये रे, मरशील," म्हणून आत बोलावलं आणि घरातल्याच पितळीत भाकरी वाढली. गावकीत त्यावर कुजबूज झाली. गोदूबाईने कुजबुजणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या सात पिढ्यांचा पाढा वाचला, तेव्हा कुजबूज थांबली.

पहिली सभा शाळेच्या ओट्यावर भरली. आता इथे चंदूच्या शास्त्राबद्दल थोडं सांगणं भाग आहे. त्या शास्त्राचा पहिला नियम असा की कार्यकर्त्याने गावाला उपाय सांगायचा नाही. विचारायचं आणि गप्प बसायचं. उत्तर लोकांच्या तोंडून आलं पाहिजे. चंदूच्या प्राध्यापकांनी दोन वर्षं हेच सांगितलं होतं आणि ते स्वतः मात्र एक मिनिट गप्प बसले नव्हते.

"आपल्या वाडीला सगळ्यात जास्त गरज कशाची आहे?" चंदूने विचारलं.

"तुमी सांगा," कुशाबा म्हणाला.

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं."

"आमी अडाणी मानसं. तुमी शिकलेले."

"मी शिकलोय तेच हे, की सांगायचं नाही."

मागच्या बाजूला पांडू म्हणून एक फटकळ माणूस बसला होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "दोन वरसं शिकला नि काय सांगायचं तेच शिकला नाय. आनि पगार घेतो!"

चंदू गप्प बसून राहिला. बसण्यात तो तरबेज होता, त्या पेपरात त्याला पहिला वर्ग होता. बराच वेळ शांतता झाली की माणसाला बोलावंसं वाटतंच. शेवटी कुशाबाने घसा खाकरला आणि म्हणाला, "तसं बगाया गेलं तर मुंबईला इचारलं पायजेल."

जांभळवाडीचं खरं गाव मुंबईत होतं. निम्म्या घरांतले कर्ते पुरुष परळच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि रविवारी तिथे 'जांभळवाडी ग्रामस्थ मंडळ, मुंबई' या नावाने सभा भरवत. पालखी कोणत्या दारी आधी थांबायची, कोणाच्या पोराचं लग्न कधी काढायचं, देवळाला रंग कोणता द्यायचा, सगळं तिथे ठरे. वाडीत फक्त शेती व्हायची आणि पाऊस पडायचा. मंडळाचे अध्यक्ष हैबतराव, गिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादम. त्यांना विचारल्याशिवाय जांभळवाडीत कोंबडासुद्धा दबकत आरवत असे.

बायका ओट्याखाली उभ्या होत्या. त्यांतून गोदूबाई म्हणाली, "ववाळावर साकव होवा."

वाडी आणि शेतं यांच्यामध्ये एक वहाळ, म्हणजे डोंगरातला ओढा, होता आणि त्यावर साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता पूल, नव्हता. पावसाळ्यात तो असा भरायचा की बायकांना डोक्यावर भारे घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून यावं लागे. दरसाल एखादी घसरून भाऱ्यासकट खाली वाहत जायची आणि करवंदीच्या जाळीला अडकून परत यायची. चंदूचं काळीज आनंदाने उडालं. लोकांच्या तोंडून उत्तर आलं होतं! पण कुशाबा म्हणाला, "बायकांचं काय, त्या बोलतात," आणि भागोजी नावाचा माणूस मुंबईला निरोप घेऊन निघालासुद्धा.

भागोजी परत आला तो मंडळाचा निर्णय घेऊन. हैबतरावांनी सभेत जाहीर केलं होतं की गावाला गरज आहे ती कमानीची. आजूबाजूच्या चार गावांना कमानी झाल्या, जांभळवाडीला नाही, ही शरमेची गोष्ट आहे. लोखंडी कमान, वर पत्र्याचा बोर्ड, बोर्डावर 'सुस्वागतम्', त्याखाली मंडळाचं नाव आणि सगळ्यांत खाली, पण सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, अध्यक्षांचं.

"कमान!" सगळी सभा एकमुखाने म्हणाली, जणू जन्मापासून सगळ्यांना तेच हवं होतं.

चंदूने डोळे मिटले. ज्या गावाला धड रस्ता नाही त्या गावाला दरवाजा कशाला, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पहिला नियम आड आला. त्या शनिवारी तो महाडला गेला तेव्हा काशीरामांनी विचारलं, "काय, किती समाज सुधारला?" चंदूने कमानीचं सांगितलं. काशीराम म्हणाले, "मग तुझा त्यात काय भाग?" चंदू म्हणाला, "मी गप्प बसलो." हे ऐकून श्रीपतराव उठून आत गेले आणि सोमामामाचा पत्ता कुठे ठेवलाय असं जानकीबाईला विचारू लागले.

कमान ऐन श्रावणात आली. ट्रकवाल्याने तिचे दोन लांबच लांब लोखंडी खांब आणि बोर्ड फाट्यावर उतरवले आणि तो पळून गेला. तिथून वाडीपर्यंत पायवाट. खांब जाळीदार असले तरी वजनाला असे होते की आठ माणसांनी उचलायचा आणि चौघांनी शिव्या द्यायच्या. पांडू शिव्यांच्या बाजूला होता. चंदूनेही खांदा दिला. शास्त्रात तसा नियम नव्हता, पण त्याच्या खांद्याला नुसतं बघत बसवेना.

वहाळापाशी आले तेव्हा वर डोंगरात मुसळधार झाली असावी. पाणी बघता बघता गढूळ झालं आणि चढू लागलं. पुढचे चौघे पलीकडे पोचले होते, मागचे चौघे अलीकडे होते आणि खांब मध्ये होता.

"टाका, टाका!" कुशाबा ओरडला.

दोन्हीकडच्यांनी खांब सोडला. तो या काठावरून त्या काठावर असा नीट आडवा पडला की सुताराने माप घेऊन ठेवला असता तरी इतका बेताचा बसला नसता. माणसं दम खात उभी होती, तेवढ्यात मागून गोदूबाई आणि तिची शेजारीण बनुबाई गवताचे भारे घेऊन आल्या. गोदूबाईने पाण्याकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, आणि कोणाला काही न विचारता खांबावरून चालत पलीकडे गेली. मागून बनुबाई. मग शेतातून येणाऱ्या सगळ्याच. पांडू म्हणाला, "एकच हाय, तोल जातो." म्हणून दुसरा खांब आणून शेजारी टाकला. मध्ये फट राहिली. फटीत पाय अडकायला लागला, म्हणून बोर्ड आणून वर टाकला. बोर्डावर अक्षरं होती आणि देवनागरी अक्षरांवर पाय द्यायला कुणाचं मन होईना, म्हणून तो पालथा घातला आणि वर फळ्या ठोकल्या. हे सगळं तात्पुरतं होतं, पाणी उतरेपर्यंत.

पाणी उतरलं. सभा भरली. कमान उचलून वेशीत उभी करायची, हा विषय.

"काय करायचं?" कुशाबाने सवयीने चंदूकडे बघितलं आणि लगेच हात हलवला. "ऱ्हाऊ द्या, तुमी सांगायचं नाय."

चंदू गप्प बसला. आयुष्यात इतकं जीव मुठीत धरून तो कधी गप्प बसला नव्हता. गणपती तोंडावर आले होते, साहेब यायचे होते, आणि जीभ नुसती वळवळत होती.

"मुंबईला इचारूया," भागोजी म्हणाला.

तेव्हा गोदूबाई ओट्यावर चढली. त्या ओट्यावर सभेत बाई चढल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. "मुंबईत ववाळ हाय काय रे?" तिने विचारलं. "परळात भारा घेऊन कोन कमरेएवढ्या पान्यातनं जातो? इचारा तुमी मुंबईला. जबाब येईपातूर पुरुषांनी भारे आनायचे, आमी इथं बसून कमान बगतो."

सभेने एकमेकांकडे पाहिलं. भाऱ्यांचं वजन सगळ्यांना ठाऊक होतं. साकव जागच्या जागी राहील असं बहुमताने ठरलं आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांना दगडांचं पक्कं बांधकामसुद्धा झालं. चंदू त्या रात्री पडवीत एकटाच हसत होता. मग त्याला आठवलं की हैबतराव गणपतीला येणार आहेत, आणि हसू गेलं.

दैव असं की सबनीस साहेब आणि हैबतराव एकाच दिवशी, एकाच एस.टी.ने आले. वाटेत दोघांची ओळख झाली. हैबतराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, साहेबांना कमानीबद्दल सांगत पुढे चालत होते. "गावात पाय ठेवला की आधी आपलं नाव दिसतं बघा साहेब. तुम्ही फक्त बघाच."

वहाळापाशी सगळी वाडी उभी होती. हैबतराव साकवावरून चालत पलीकडे आले आणि म्हणाले, "वा, साकवबी केलात! आनि कमान कुठं हाय?"

मोठी माणसं साकवाच्या फळ्या निरखू लागली. शेवटी एका पोरीने खाली बोट दाखवलं.

हैबतराव काठाने खाली उतरले, पायजमा वर करून पाण्यात शिरले आणि वाकून वर बघितलं. साकवाच्या पोटाला 'सुस्वागतम्' होतं. त्याखाली त्यांचं नाव होतं, जरा शेवाळलेलं. एक खेकडा त्या भागात राहायला आला होता. सबनीस साहेब इंजिनियर, त्यांनाही राहवेना. तेही बूट काढून पाण्यात उतरले आणि खांबांना बोटाने टकटक करून बघू लागले. "अहो, हे तर उत्तम काम आहे! कोणाची कल्पना?"

त्याच क्षणी हैबतराव गरजले, "कोनी केलं ह्ये? माज्या नावावर गाव चालवलात! कोनाची आयडिया, सांगा! ह्या समाजवाल्याची ना? आजच्या आज घालवतो त्याला!"

एकीकडून साहेब विचारत होते, दुसरीकडून हैबतराव विचारत होते, आणि प्रश्न एकच होता. होय म्हणावं तर हैबतराव गावातून काढणार. नाही म्हणावं तर 'मग तुम्ही काय केलंत?' म्हणून साहेब नोकरीवरून काढणार.

त्याने तोंड उघडायच्या आधीच वाडी त्याच्या मदतीला धावली. पोराला वाचवायचं होतं. "नाय नाय, अध्यक्ष!" कुशाबा म्हणाला. "त्यानं कायसुदीक केलं नाय. आईच्यान! शपथेवर सांगतो."

"एक शबूद बोलला नाय," भागोजी म्हणाला. "पावसाळाभर नुसता बसून व्हता."

"इचारलं तरी सांगत नाय तो," पांडू म्हणाला. "त्याला कायच येत नाय, साहेब. गरीब मानूस हाय."

प्रत्येकजण पुढे होऊन चंदूच्या निरुपयोगीपणाची साक्ष देत होता, आणि ती इतक्या मायेने देत होता की चंदूला एकीकडे भरून येत होतं आणि एकीकडे गोदीचा भोंगा ऐकू येत होता.

सबनीस साहेब पाण्यातून वर आले, पाय पुसले. "मोरे," ते म्हणाले, "गाव फार चांगलं आहे. स्वतः ठरवतं, स्वतः करतं. पण मग निधीने इथे पगारी माणूस का ठेवावा? यांना तुमची गरज दिसत नाही."

चंदू मान खाली घालून म्हणाला, "बरोबर आहे, साहेब." दुसरं काय म्हणणार? त्याच्या शास्त्राप्रमाणे तो जिंकला होता.

"बरोबर कसलं?" गोदूबाई पुढे आली. "ओ साहेब, तुमाला कळलं नाय. त्यानं काय केलं नाय ह्ये खरंच हाय. पन काय न करता बसायला मानूस लागतो. बाकीची समदी सांगायला येतात. सरकारचा मानूस सांगतो, मुंबई सांगते, ह्यो माजा घरवाला सांगतो. हा एकटाच ऐकत बसतो. तो बसला म्हंजी मंग आमाला बोलावं लागतं."

"पण मग तुमच्यातलंच कोणी बसावं की," साहेब म्हणाले.

"आमच्यातला?" गोदूबाईने कुशाबाकडे बघितलं. "आमच्यातला कोन असा काय न करता बसला तर त्याची बायको त्याला बसू दील काय? म्हनून त्याला पगारीच मानूस पायजेल."

बायका इतक्या हसल्या की वहाळाचा आवाज ऐकू येईना. सबनीस साहेबही हसले. म्हणाले, "मी जन्मभर सरकारी खात्यात होतो. काही न करता बसणारे पुष्कळ पाहिले. लोक त्यांना मागून घेताहेत असं मात्र पहिल्यांदा बघतोय." मग त्यांनी वाडीला विचारलं, "बोला. ठेवायचा का हा माणूस?"

सवयीप्रमाणे सगळ्या माना हैबतरावांकडे वळल्या. मुंबई प्रत्यक्ष समोर, ओल्या पायजम्यात उभी होती. हैबतरावांनी साकवाकडे पाहिलं. त्यांची म्हातारी आई, ठमाबाई, नातवाचं बोट धरून त्याच्यावरून ठुमकत घरी चालली होती. दर पावसाळ्याला ती चार महिने वहाळ ओलांडत नसे. हैबतराव बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"माज्याकडं काय बगता?" ते शेवटी म्हणाले. "मला इचाराल तर मी आत्ता घालवीन त्याला. गावाचं काम हाय. गावानं ठरवा."

ओळीने हात वर गेले, आधी बायकांचे, मग पुरुषांचे, सगळ्यांत शेवटी, इकडेतिकडे बघून, पांडूचा. चंदूला काही दिसेनासं झालं, कारण त्याला रडू येत होतं आणि ते लपवण्याची त्याला मुळीच इच्छा नव्हती. अशा रीतीने चंद्रकांत श्रीपत मोरे, एम.एस.डब्ल्यू., जांभळवाडीच्या एकमुखी ठरावाने, काहीही न करण्याच्या कामावर कायम झाला.